लिनक्स चालत नाही? आधी डिस्ककडे बघा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी तुमच्या घरातला लॅपटॉप काही बंद पडला नाही, त्यामुळे कदाचित तुमच्या लक्षातही आलं नसेल. हवं त्याला नोंदणी करून आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळायची सोय ठेवली आहे, पण ते वर्षभरच. विंडोज ११ टाकायला जावं, तर ते आधी विचारतं, मशीनमध्ये टीपीएम २.० आहे का? प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे का? मोठ्या भावानं २०१५ साली घेतलेला आणि आता तुमच्या वाट्याला आलेला लॅपटॉप या दोन्ही प्रश्नांना मान हलवून ‘नाही’ म्हणतो.

मग काय करायचं? नवीन घ्यायचा?

वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात राहून जे कॉलेज करतात, त्यांच्या घरात हा हिशेब पैशांच्या आधी सोयाबीनमध्ये होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला ५३२८ रुपये. बऱ्यापैकी लॅपटॉप पस्तीस हजारांना पडतो असं धरलं, तर तो झाला साडेसहा क्विंटल सोयाबीनचा. तेही हमीभाव खरंच हातात पडला तर. तो किती जणांच्या हातात पडतो, हे तुम्हाला पेपरात वाचायची गरज नाही.

दुसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दुकानात मशीन न्यायचं आणि काही शे रुपयांत ‘विंडो मारून’ आणायची. क्रॅक केलेली. ती चालतेही. पण त्याच मशीनवर आपण महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरतो, आधार नंबर टाकतो, वडिलांच्या खात्याचं नेटबँकिंग उघडतो. कुणी, कुठं, काय घालून तयार केलेली ती विंडोज आहे, हे त्या दुकानदारालाही सांगता येत नाही. स्कॉलरशिपच्या लॉगिनची किल्ली अनोळखी माणसाकडे ठेवून घराला कुलूप लावण्यासारखा हा प्रकार आहे, आणि आपण तो सर्रास करतो.

तिसरा रस्ता म्हणजे लिनक्स. फुकट, कायदेशीर, जुन्या मशीनवर चालणारा, आणि मराठीतही उपलब्ध. हे वाचून तुमच्यातले निम्मे म्हणतील, ‘माहिते आम्हाला. टाकून पाहिलं. नाही चालत.’

या लेखाचा विषय तेच वाक्य आहे. कारण ‘लिनक्स चालत नाही’ असं म्हणणाऱ्या अनेकांच्या मशीनपर्यंत लिनक्स पोहोचलेलाच नसतो. तो वाटेत, डिस्कवर, अडकलेला असतो.

सीडी-डीव्हीडीच्या गोष्टी आता कोण करतं, असं पुण्या-मुंबईचा वाचक विचारेल. विचारू दे. आपल्याकडे ज्या मशीनवर लिनक्स टाकायची वेळ येते, ती मशीनच जुनी असतात. काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातून रिटायर झालेला डेस्कटॉप, कॉलेजनं निर्लेखित केलेला, पतसंस्थेनं काढून टाकलेला. त्यातल्या काहींना पेनड्राइव्हवरून सुरू होताच येत नाही, काहींचे यूएसबी पोर्ट ढिले झालेले असतात. डीव्हीडीचा ट्रे मात्र अजून बाहेर येतो. म्हणून डिस्क.

लिनक्स आणि डिस्क यांचं नातं भारतात तसंही जुनं आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे आपल्याच वयाचा असताना, लिनक्सची घोषणा केली. पुढं नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांच्यापर्यंत तो मासिकांच्या सीडीवरून पोहोचला. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची आणि ती हातोहात फिरायची. २००४ मध्ये उबंटू आलं. त्यांनी तर ‘शिपइट’ नावानं योजनाच काढली होती. नाव-पत्ता भरा, उबंटूची सीडी पोस्टानं घरी येईल, एक रुपयाही न घेता. एप्रिल २०११ मध्ये ती योजना बंद झाली. तोपर्यंत पोस्टमननं आणून दिलेल्या त्या सीडीत एक मोठी सोय होती. ती कारखान्यात छापलेली असायची, त्यामुळे ती चुकीची बर्न झाली असेल ही शंकाच नसायची. आता ती जबाबदारी आपल्यावर आली आहे.

आणि इथंच गोची होते.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी गडबड सांगते. लिनक्सची जी फाइल आपण डाउनलोड करतो तिला आयएसओ म्हणतात. ती दिसायला एक फाइल असली तरी खरं तर ती एका संपूर्ण डिस्कचं चित्र असते. आपण काय करतो? गाणी जशी सीडीवर टाकायचो तशी ती फाइल ओढून डिस्कवर टाकतो आणि बर्न करतो. काम झालं असं वाटतं. मशीन सुरू केलं की मात्र डिस्ककडे ढुंकूनही न बघता विंडोज उघडते. ‘काहून बे, चालूच नाही होऊन राह्यलं’ म्हणत आपण दोन वेळा रिस्टार्ट करतो आणि नाद सोडतो.

हे ओळखणं अगदी सोपं आहे. बर्न केलेली डिस्क चालू कॉम्प्युटरमध्ये उघडून बघा. आत एकच भलीमोठी फाइल दिसली तर डिस्क चुकीची बनली. वेगवेगळे फोल्डर आणि बऱ्याच फाइल दिसल्या तर बरोबर बनली. बस्स. विंडोज ७ पासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये आयएसओ फाइलवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ असा पर्याय मिळतो. तोच वापरायचा. त्या छोट्या खिडकीत ‘बर्न झाल्यावर डिस्क तपासा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायचीच. पाच-दहा मिनिटं जास्त लागतात म्हणून आपण ती सोडतो आणि मग तीन तास डोकं धरून बसतो.

दुसरी गडबड त्याच्याही आधीची आहे. फाइलच अर्धवट किंवा खराब उतरलेली असते. गावात डाउनलोड म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, एक-दोन काडी रेंज, मध्येच आलेला फोन, मध्येच गेलेली लाईन. तीन जीबीची फाइल अशी तुकड्या-तुकड्यानं येते. ब्राउझर म्हणतो ‘डाउनलोड पूर्ण’, आपण विश्वास ठेवतो. पण एवढ्या मोठ्या फाइलमधला एक बारीकसा तुकडा जरी बिघडला, तरी इन्स्टॉलेशन ऐंशी टक्क्यांवर जाऊन मान टाकू शकतं. आणि डिस्क तर चांगली बर्न झाली म्हणून सांगते! सांगणारच. खराब फाइल तिनं इमानदारीनं जशीच्या तशी उतरवलेली असते.

यावरचा उपाय लिनक्सवाल्यांनी कधीचा करून ठेवलाय. डाउनलोडच्या पानावर फाइलसोबत एक लांबलचक, अक्षर-आकड्यांची ओळ दिलेली असते. तिला एसएचए २५६ चेकसम म्हणतात. चौसष्ट चिन्हांची ही ओळ म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी अंगठा पूर्ण बदलतो. आपल्या मशीनवर उतरलेल्या फाइलचा अंगठा काढायचा आणि पानावरच्या ओळीशी जुळवायचा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाचं साधन आधीपासूनच असतं, काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायची एवढंच. सगळी चौसष्ट चिन्हं जुळली तर पुढं जायचं, एक जरी वेगळं निघालं तर पुन्हा डाउनलोड. शक्य असेल तर टॉरेंटनं करा. टॉरेंट म्हटलं की आपल्याला फक्त सिनेमे आठवतात, पण लिनक्सची फाइल टॉरेंटनं घेणं पूर्ण कायदेशीर आहे. शिवाय रेंज गेली तर ते जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं, आणि आलेला प्रत्येक तुकडा स्वतःच तपासून घेतं. आपल्या नेटवर्कसाठीच बनवलंय जणू.

मग येतो मापाचा प्रश्न. सीडीत ७०० एमबी मावतात. डीव्हीडीवर लिहिलेलं असतं ४.७ जीबी, पण तिच विंडोजमध्ये घातली की दिसतात ४.३७ जीबी. दुकानदारानं फसवलं नाही, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. (हजाराचा किलो आणि १०२४ चा किलो, असं काहीसं.) फाइलचा आकार बघताना हे लक्षात ठेवा. उबंटू २४.०४ साध्या डीव्हीडीत मावतच नाही, ते सहा जीबीच्या आसपास जातं. लिनक्स मिंट २२ तीन जीबीच्या आत आहे, ते आरामात बसतं. डेबियनचं ‘नेटइन्स्ट’ तर एक जीबीच्याही आत येतं, फक्त बाकीचं सामान ते इन्स्टॉल करताना नेटवरून ओढतं. तेव्हा नेट नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता प्रत्यक्ष बर्न करणं. यात घाई सगळ्यात महाग पडते. डिस्कवर १६ एक्स लिहिलंय म्हणून १६ एक्सनंच बर्न करायची गरज नसते. स्पीड निवडता येईल असं सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर इमगबर्न आहे, लिनक्सवर ब्रासेरो किंवा केथ्रीबी आहे, आणि ४ एक्स किंवा ८ एक्सवर बर्न करा. जुन्या ड्राइव्हला निवांत लिहिलेली डिस्क वाचायला सोपी जाते. बर्न चालू असताना त्याच मशीनवर पिक्चर लावू नका, अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर थांबवा, लॅपटॉप असेल तर चार्जरला लावा आणि स्लीप मोड बंद करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस बघा. लाईन गेली की एकदाच लिहिता येणारी डिस्क गेली. तिचा पुढचा उपयोग शेतात पाखरं हाकलायला दोरीवर टांगण्यापुरताच.

कोऱ्या डिस्कचंही एक आहे. बर्न होणाऱ्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर त्यावर लिहितो. ऊन आणि उष्णता त्या थराची वाट लावतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात, काचेच्या शोकेसमध्ये दोन-दोन वर्षं पडलेल्या डिस्क मिळतात. आता डिस्क घेतंच कोण, त्यामुळे माल जुनाच असतो. सुट्ट्या, उघड्या ठेवलेल्या डिस्कऐवजी बंद पाकिटातली घ्या, आणि एकाऐवजी दोन घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क स्वस्तात पडते असं वाटतं, पण तिच्यावरून प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे म्हाताऱ्या ड्राइव्हला ती वाचणं जड जातं. सरावाला ठीक, शेवटच्या कामाला नको.

डिस्क नीट बनली, तपासली, तरी जुन्या मशीनमध्ये अडकली तर?

इथं थोडं डॉक्टरसारखं वागायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीच डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घालून तिथून सुरू होते का बघा. तिथं झाली तर डिस्क बरी, दुखणं पहिल्या मशीनचं. तिथंही नाही झाली तर डिस्क किंवा फाइल. एवढ्या एका चाचणीनं निम्मा घोळ सुटतो, आणि तरी बहुतेक जण ती न करता डिस्क, लिनक्स आणि मशीन तिन्ही एकदम बदलतात. मग नेमकं कशामुळे चाललं किंवा कशामुळे नाही, हे कधीच कळत नाही.

मशीनचं दुखणं असेल तर आधी बूटचा क्रम बघा. मशीन सुरू होताना एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे यातलं एखादं बटण दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते निवडता येतं. डिस्क फिरण्याचा आवाज येतोय पण पुढं काही होत नाही? काळ्या पडद्यावर चुकांच्या ओळी पळतायत आणि त्यात ‘एसआर झिरो’ असं पुन्हा पुन्हा येतंय? लिनक्समध्ये सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचं नाव एसआर झिरो. म्हणजे मशीन तुम्हाला ओरडून सांगतंय की मला डिस्क वाचता येत नाहीये. ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ बसलेली असते. धूळ काय, सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर घरात कशावर नसते! लेन्स साफ करून, नाहीतर दुसऱ्या मशीनमधला ड्राइव्ह तात्पुरता लावून बघा. बाहेरून यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्हही मिळतो, चार मित्रांत एक पुरतो.

पडद्यावर जर असं आलं की या कर्नलला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो आणि तुमचा ३२ बिटचा आहे, तर डिस्कला दोष देऊ नका. तुम्ही फाइलच चुकीची घेतली. लिनक्स मिंटनं २०२० मध्ये आलेल्या २० व्या आवृत्तीपासून उबंटूवर आधारलेल्या मिंटमध्ये ३२ बिट सोडलं. खूपच जुन्या मशीनसाठी डेबियन १२ ची ३२ बिटची फाइल किंवा अँटीएक्ससारखी हलकी आवृत्ती बघा. आणि प्रत्येक वेळी इन्स्टॉलेशन वेगवेगळ्या ठिकाणी अडकत असेल, म्हणजे एकदा तीस टक्क्यांवर, एकदा सत्तरवर, तर संशय रॅमवर घ्या. रॅम तपासायचा मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम बऱ्याच लिनक्स डिस्कच्या सुरुवातीच्या मेनूतच असतो. रात्री लावून झोपा. तिथंच बहुतेक वेळा डिस्क स्वतःला तपासून घेईल असाही पर्याय असतो. तोही कुणी वापरत नाही.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू होत असेल तर अर्थातच पेनड्राइव्ह वापरा, रूफस किंवा बलेना एचर घेऊन. पण तिथंही तीच चूक वाट बघत असते, आयएसओ फाइल नुसती कॉपी करून टाकायची आणि मग का चालत नाही म्हणायचं. गंमत म्हणजे व्हेंटॉय नावाचं एक साधन आहे, ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मग फाइल नुसती कॉपी केली तरी चालते. म्हणजे मित्र म्हणतो ‘मी तर कॉपीच केली होती, माझं चाललं’, तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे व्हेंटॉय असतं, तुमच्याकडे नसतं.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण वेगळं आहे. यातली एकही गोष्ट कठीण नाही. बारावी सायन्स न केलेल्यालाही हे जमतं. तरीही कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला असलेली मुलं डिस्क अडकली की थांबतात, कारण बिघाड शोधायचा कसा, हे त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकणं म्हणजे चालू मशीनवर काम करणं. २००१ पासून एमएस-सीआयटी महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचलं, सरकारी नोकरीसाठी ते मागितलं जातं, आणि त्यानं लाखो हातांना माउस धरायला शिकवला हे मान्यच करायला हवं. पण ज्या मशीनवर ते शिकवलं जातं ते कुणीतरी आधीच चालू करून ठेवलेलं असतं. बंद पडलं की सर येतात. सर नसतील तर ‘इंजिनिअर’ येतो. आपण बाजूला उभे.

नेमकं बंद पडलेलं मशीनच खरं शिकवतं. फाइल, डिस्क, ड्राइव्ह, रॅम, बूट हे सगळे शब्द परीक्षेत पाच-पाच मार्कांच्या टिपा लिहिण्यासाठी आपण पाठ करतो. एक फसलेली डिस्क त्या पाचही टिपा एका दुपारी समजावून सांगते.

म्हणून आमचं म्हणणं कॉलेजांना आहे. वाशीम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि वाशीम, महाराष्ट्रातले हे चार. तेव्हापासून डिजिटल हा शब्द भाषणांत खूप ऐकला. आता एक साधं काम करून दाखवा. कॉलेजच्या लायब्ररीत लिनक्सच्या दोन-तीन आवृत्त्यांच्या तपासलेल्या डिस्क आणि पेनड्राइव्ह ठेवा. पुस्तकासारखे आठवड्यासाठी घरी नेऊ द्या. कॉलेजचं नेट घरच्या हॉटस्पॉटपेक्षा बरं असतं, फाइल तिथं एकदाच उतरवा, एकदाच अंगठा जुळवा. मग केनवडच्या, किंवा आणखी आतल्या गावातल्या मुलीला तीन जीबीसाठी दोन दिवसांचा डेटा जाळायला लावू नका. याला ना जीआर लागतो ना निधी. दहा डिस्कचं पाकीट, चार पेनड्राइव्ह आणि एक उत्साही लॅब असिस्टंट एवढंच लागतं. वर्षातून एक शनिवार मुलांना आपापली जुनी मशीन घेऊन बोलवा आणि सगळ्यांसमोर ती उघडा. पुण्या-मुंबईत लिनक्सप्रेमींचे गट असे कार्यक्रम कितीतरी वर्षं करत आलेत. शहराबाहेर पडून ते रिसोडपर्यंत यायला काही हरकत नाही.

‘गावातल्या मुलांना झेपणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याची शाळा सांगा. २००७ मध्ये त्या छोट्याशा प्राथमिक शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पातले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप दिले गेले. आत लिनक्स होता, फेडोरावर उभा केलेला. पहिली ते चौथीची मुलं तो वापरत होती. आपण तर पदवीला आहोत!

शिकवायला माणूस नाही, ही सबबही तशी खरी नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, त्यातले कितीतरी मराठी आवाजात. फुकट. डेबियन इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत ‘मराठी’ दिसतं. ते आपोआप उगवलेलं नाही. इंडलिनक्ससारखे स्वयंसेवी गट आणि पुण्यात बसून भाषांतराचं काम करणारी मंडळी यांनी वर्षानुवर्षं एकेक वाक्य मराठीत आणलं. ते वापरणारे मात्र फारच थोडे. (त्यातले काही मराठी शब्द वाचून हसू येतं, हे खरं. मग सुधारा ना! तीही सोय आहे.)

लिनक्सवर सगळंच चालतं, असं सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. टॅली शिकणाऱ्या कॉमर्सच्या मुलांनी विंडोज काढून टाकू नये, टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. फोटोशॉपचंही तेच. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी टायपिंगची सवय असेल, डीटीपीच्या दुकानात काम करत असाल, तर तिथंही अडचण येईल. युनिकोड मराठी मात्र मस्त चालतं. ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ, प्रोजेक्ट रिपोर्ट, पायथन, सी, जावा, व्हिडिओ लेक्चर यासाठी लिनक्स पुरेसा आहे, आणि कॉलेजच्या बहुतेक मुलांचं काम एवढंच असतं. काही जुन्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलनं जोडा, टेदरिंग चालू करा, नेट मिळतं आणि मग ड्रायव्हर उतरवता येतो. हे सगळं इन्स्टॉल करण्याआधीच कळावं म्हणून डिस्कवरून ‘लाइव्ह’ चालवायची सोय असते. मशीनमधलं काहीही न पुसता आवाज, वायफाय, कीबोर्ड तपासून घ्या. डिस्कवरून ते संथ चालतं, म्हणून लिनक्सच संथ आहे असं समजू नका.

आणि एक शेवटचं बटण. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ अशा अर्थाचा पर्याय येतो. इथं डिस्क म्हणजे तुमची डीव्हीडी नव्हे, मशीनमधली हार्डडिस्क. त्यात ताईच्या लग्नाचे फोटो असतात, सातबाऱ्याचे स्कॅन असतात, जातीचा दाखला, नॉनक्रिमिलेअर, मागच्या वर्षीच्या फॉर्मच्या पावत्या असतात. त्या बटणानंतर त्यातलं काही परत येईल याची खात्री कुणी देत नाही. आधी सगळं दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा, कॉपी झालेल्या चार-दोन फाइल उघडून बघा, आणि घरात ज्यांच्या ज्यांच्या फाइल आहेत त्या सगळ्यांना विचारा. आईच्या व्हॉट्सअॅपमधून काढून ठेवलेले फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे फक्त आईला माहीत असतं.

सेमिस्टरचा प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री यातलं काही करू नका. परीक्षा संपल्यावरचा एखादा रविवार ठरवा, आणि डिस्क चालली की मार्करनं तिच्यावर आवृत्तीचं नाव, ३२ की ६४ बिट आणि तारीख लिहून ठेवा. कोऱ्या दिसणाऱ्या पाच डिस्कमधून चालणारी शोधायला पुन्हा अख्खी दुपार जाते.